हनुवटीवरची खाच

"बघ की गं आरशात. घाबरतेस काय, तुझाच चेहरा आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या, तेव्हा कुठे काउंटरवरच्या ताईने आरसा हातात घेतला. हनुवटीवरची खाच गेली होती. लहानपणी पाळण्यातून पडून झालेली, बोटाचं टोक नेमकं बसेल एवढी खाच. तिथे आता गुळगुळीत कातडी होती.

ही हौस तिची नव्हतीच. त्वचेच्या दवाखान्यात नावं लिहून घेणाऱ्या बाईच्याच तोंडावर खड्डा म्हणजे दिव्याखाली अंधार, असं डॉक्टरबाई हसत हसत बोलून दाखवत. ताईही हसून सोडून द्यायची. मग एकदा काउंटरवर नवी मुलगी बसवायची गोष्ट निघाली आणि ताईने मुकाट्याने दंड पुढे केला. तिचंच रक्त काढलं, यंत्रात गरगर फिरवलं, वर आलेलं पिवळसर पाणी बारीक सुयांनी तिच्याच हनुवटीत सोडलं. असं पुन्हा पुन्हा. आपल्याच रक्ताने आपलीच खूण पुसून घ्यायची आणि वर आभारही मानायचे. सत्तेपुढे शहाणपण चालत नाही म्हणतात, इथे तर सत्ता पगाराची.

घरी आई होती. डोळे गेलेले, कान नावापुरते, आणि डोक्यातली माणसं एकेक करून उठून गेलेली. उरली होती फक्त लेक, तीही बोटापुरती. संध्याकाळी ताई समोर बसली की आई तिचा चेहरा चाचपायची. बोट खाचेत बसलं की म्हणायची, "आलीस का गं चिमे?" मग तिच्या हातून चार घास खायची. दुसऱ्या कुणाच्या हातून पाणीसुद्धा नाही. सुयांच्या दर खेपेला खाच उथळ होत गेली, तशी आई जास्त वेळ चाचपू लागली. ताईला ते कळत होतं. कळून न कळल्यासारखं तिने केलं.

त्या संध्याकाळी आईचं बोट हनुवटीवर फिरलं, थांबलं, परत फिरलं. मग तिने हात मागे घेतला आणि सावरून बसली.

"बाई, तुम्ही कोण?"

"आई, मीच. चिमी." ताई तिच्या कानाशी ओरडली.

"चिमी यायचीय अजून. बसा तुम्ही."

जन्मात पहिल्यांदा आईने तिला अहोजाहो केलं होतं. स्वतःच्याच घरात ताई पाहुणी झाली. तिने घास पुढे केला, तर आईने ओठ घट्ट मिटून घेतले. दोघीही उपाशी झोपल्या.

दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरबाईंना विचारलं, खाच परत करता येईल का म्हणून. बाई आधी हसल्या, मग त्यांनी तिचं तोंड पाहिलं. "अगं, नवी कातडी आली ती आली," त्या हळूच म्हणाल्या. "जुनी कुठून आणू मी?" त्यांना तरी काय दोष द्यायचा. ताई काउंटरवर जाऊन बसली. आलेल्या एका बाईंनी तिच्या चेहऱ्याचं कौतुक केलं आणि मलाही असंच करून हवंय म्हणाल्या.

संध्याकाळी ती पुन्हा वाटी घेऊन आईसमोर बसली. आईने चाचपून पाहिलं, मान हलवली, आणि जरा वेळाने विश्वासाने तिच्याकडे झुकली.

"बाई, तुमचं बाहेर जाणंयेणं असतं ना? माझी पोर दिसली तर सांगा, आई जेवायची थांबलीय म्हणून. ओळखायला सोपी आहे. हनुवटीवर खाच आहे तिच्या."

"सांगते हं," ताई म्हणाली, आणि तिने वाटीवर झाकण ठेवलं.