दंड होण्याआधीची पावती

मित्रांनो, मी एक जुना तारखेचा शिक्का आहे. तारीख सांगणं हेच माझं काम, म्हणून आधी तारीखच सांगतो. सात जून एकोणीसशे एकाहत्तर, सोमवार. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो, आणि ते माझं मलाही कळलं नाही.

माझं अंग पितळेचं, मूठ लाकडाची. पोटात रबराचे तीन पट्टे. एकावर दिवस, एकावर महिना, एकावर साल. मी कागदावर तोंड खाली करून पडतो आणि लगेच उचलला जातो, त्यामुळे काय उमटलं ते मला बघायला मिळत नाही.

माझी नेमणूक न्यायालयाच्या रोख खिडकीवर झाली. तिथले रोखपाल मोठे काळजीवाहू. रोज सकाळी ते माझ्यावर फुंकर घालत, पट्टे फिरवत आणि रद्दी कागदावर मला एकदा उमटवून बघत. "शिक्का आणि जावई, दोघांची रोज विचारपूस करावी," असं ते म्हणत. त्या इमारतीत कोणाचा कोणावर विश्वास नसे, पण माझ्यावर सगळ्यांचा असे. "शिक्का आहे ना? मग झालं." हे ऐकलं की माझी छाती फुगे.

त्या सोमवारी शाई लावताना मी हातातून सुटलो आणि फरशीवर आपटलो. पोटात काहीतरी सरकलं. बाहेर रांग होती. रोखपालांनी मला उचललं, झटकलं आणि तसंच कामाला लावलं. मंगळवारी सकाळी त्यांनी मला रद्दी कागदावर उमटवलं आणि बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. मग महिन्याचा पट्टा एक घर पुढे सरकवला. कागद मात्र टोपलीत टाकला नाही. घडी करून पाकिटात ठेवला. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

ऑगस्टमध्ये खिडकीशी एक शिंपीण आली. सोबत तिची थोरली नणंद होती. उजेडासाठी शिंपिणीनं शिलाई मशीन दाराबाहेर फुटपाथवर मांडलं होतं, म्हणून तिला तीन जूनला दंड झाला होता. तो तिनं त्या सोमवारी भरलाही होता. आता नोटीस आली होती, दंड थकला आहे, आठ दिवसांत भरा, नाहीतर मशीन जप्त होईल. त्यांचं घर त्या एका मशीनवर चालत होतं.

वसुली कारकुनानं तिची पावती उजेडात धरली, उलटी केली, वासही घेतला.

"बाई, दंड झाला तीन जूनला. पावतीवर तारीख सात मे. दंड होण्याआधीच भरून मोकळ्या झालात? ज्योतिष बघता काय?"

"शिक्का मी नाही मारला, साहेब. इथूनच मारून मिळाला."

"असे मारून देणारे बाजारात पैशाला पासरी."

"मग तुमच्याकडची अर्धी पावती काढा."

"जूनच्या गठ्ठ्यात नाही. मी स्वतः बघितलंय."

नणंदेनं मान वळवली. दंडाचे पैसे तिनंच दिले होते. ती हलक्या आवाजात म्हणाली, "खरं सांग गं. भरलेस ना? की गेले दोऱ्याच्या रिळांत?"

"वन्सं, हे घरी विचारा. इथं नको."

कारकून शिंपिणीवर संशय घेत होता, नणंद भावजयीवर आणि मी रोखपालांवर. ते खाली मान घालून सुटी नाणी मोजत होते. मोजलेलीच पुन्हा मोजत होते. त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते.

शिंपीण आता कारकुनाकडे टक लावून बघत होती. चेहऱ्याकडे नव्हे, सदऱ्याकडे.

"साहेब, त्या दिवशी रांग मोडून तुम्हीच माझ्यापुढे घुसलात. हातात रजेचा अर्ज होता. आधी त्यावर शिक्का पडला, मग माझ्या पावतीवर."

"रोज शंभर माणसं येतात इथं. तुम्हाला बरा मीच आठवलो."

"तुम्ही नाही आठवलात. सदरा आठवला. दुसरं बटण तपकिरी दोऱ्यानं लावलंय, बाकीची पांढऱ्या."

कारकुनाचा हात आपोआप बटणावर गेला. रांग हसली.

हसण्याचा आवाज ऐकून अधीक्षकबाई आल्या. सगळं ऐकून त्यांनी कारकुनाच्या रजेचे कागद मागवले. अर्जाखाली त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, सात जून. शेजारी माझा ठसा होता, सात मे.

"तुम्हीही ज्योतिष बघता वाटतं," अधीक्षकबाई म्हणाल्या.

मग रोखपाल उठले. पाकिटातून तो घडी केलेला कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "शिक्का माझ्या हातातून पडला होता, महिना सरकला. दुसऱ्या दिवशी कळलं. शेवटच्या वर्षी डाग नको, म्हणून बोललो नाही."

बांधून ठेवलेला मे महिन्याचा गठ्ठा सोडला. माझी तारीख प्रमाण मानून कोणीतरी अर्धी पावती त्यात खोचली होती. नोटीस रद्द झाली.  जाताना भावजयीच्या हातातली पिशवी नणंदेनं आपल्या हातात घेतली.

रोखपाल डाग घेऊनच निवृत्त झाले. शेवटच्या सकाळीही त्यांनी माझ्यावर फुंकर घातली. कारकुनानं तो सदरा शिंपिणीकडूनच नीट करून घेतला. तिनं म्हणे शिलाई आगाऊ घेतली आणि पावती न मागता दिली. अधीक्षकबाईंनी रोज सकाळचा माझा ठसा वहीत घ्यायचा नियम केला, तो त्या असेपर्यंत चालला. पुढे नणंदेची दृष्टी गेली, पण ती शेवटपर्यंत भावजयीजवळच राहिली. शिंपिणीनं माझ्यासाठी चिंध्यांची एक छोटी गादी शिवून आणली होती. "पडला तर यावर पडू दे," एवढंच म्हणाली.

आता पावत्या यंत्रातून निघतात आणि मी खणात त्याच गादीवर पडून असतो. मित्रांनो, संशय घ्यायचाच असेल तर आधी माझ्यासारख्यावर घ्या. रद्दी कागदावर एकदा उमटवून बघा, मग माणसाकडे वळा. माझा महिन्याचा पट्टा जूनवर आखडून बसला आहे. थेंबभर तेल घातलंत तर अजून फिरेल.