एक्केचाळीस फॉर्म

वर्षालीनं फॉर्मचा गठ्ठा टेबलावर असा आपटला, की गावंडे सरांचा चहा बशीत सांडला.

"आपटून सहसंबंध येणार आहे का?" सर म्हणाले. "शिक्षण वाढलं की घरात बाईच्या शब्दाला वजन येतं, हे तुझंच गृहीतक. दोनशे बायांचा आकडा मात्र शून्याला चिकटलेला. या एक्केचाळीस जणींनी घोळ केला. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाया, अन् म्हणतात, संत्र्याच्या बगीच्याचा सौदा आम्हीच ठरवतो! गाळ त्यांना. सोमवारी मुदत संपते. प्रबंध आला नाही तर पीएच.डी.ची नोंदणी गेली समज."

पाच वर्षं घासली ती यासाठी! ते फॉर्म वरूडजवळच्या एकाच गावचे, एकाच दिवशी तिनं स्वतः दारोदार फिरून भरलेले. घरी येताच तिनं त्यातल्या पार्बताबाईंना फोन लावला.

"मावशी, बगीच्याचा सौदा तुमीच करता, असं सांगितलं होतं ना मले?"

"नाई वं माय. आमाले काय समजते? हेच पायतात सारं."

फोन बंद. वर्षालीनं कपाळावर हात मारून घेतला. पहिल्या फॉर्मवर ती काट मारणार, तोच फोन वाजला.

"पोरी, वावरात आली आता," पार्बताबाईंना धाप लागली होती. "मंघाशी हे समोर बसले होते. तू आलती त्या दिवशी गावातले सारे माणसं सभेले गेलते, मनून बोललो आमी बाया. सौदा मीच करते. नाव त्याइचं."

वर्षालीनं बाकीचे फॉर्म पुढे ओढले. बाकीच्या एकशे एकोणसाठ घरांत कोणी ना कोणी ओट्यावर, खाटेवर बसलेलं होतंच. बाई आधी तिकडे बघायची, मग बोलायची. अन् हिनं तेच मुकाट्यानं लिहून घेतलं. तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

तिनं सरांना कळवलं : एकही फॉर्म गाळणार नाही. बाकीच्या घरी पुन्हा जाते, पुरुष बाहेर असताना. नोंदणी गेली तर गेली.

दहा मिनिटांनी तिचा नवरा, कुंदन, मोबाइल हातात घेऊनच खोलीत आला.

"सरायचा फोन होता मले. 'समजावा तिले,' मने. सोमवारचं सोडून तू पुन्हा गावं फिरून राहिली? कोणाले विचारून ठरवलं हे?"

सरांनी फोन केला, तोही याला! वर्षालीची कानशिलं तापली.

"कोणालेच नाही," ती म्हणाली. तो समोरच उभा होता.