लाल कुळातली लेन्स

लुबोवा गोड बोलायला लागला की नाबोसाला घरातली कुलपं आठवत. दीर म्हणून तो वाईट नव्हता. तिचा नवरा गेल्यावर छपराचे गळके पत्रे त्यानेच बदलून दिले होते. पण काम झाल्यावर शिडीही तोच घेऊन गेला होता, आणि शिडी नाबोसाची होती.

त्या संध्याकाळी तो आला, उकडलेल्या कच्च्या केळ्यांचं मटोके आणि शेंगदाण्याचं कालवण पोटभर जेवला आणि हात धुता धुता म्हणाला, "वहिनी, कॅमेरा विकत घेऊच नका. माझा दुसरा पडून आहे, तो वापरा. नुसती लेन्स घ्या. मोठी, लाल."

"फुकट?"

"मग काय, दिराला भाडं देणार?"

'वापरा' म्हणाला, 'घ्या' म्हणाला नाही. नाबोसाने ते बरोबर टिपलं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

माबांबाच्या दलदलीत ती कित्येक वर्षं पाहुण्यांना होडीतून पक्षी दाखवत आली होती. पाहुणे येत ते बुल्वेसाठी. माणसाच्या छातीएवढा, राखाडी, जाड जोड्यासारख्या चोचीचा हा पक्षी तासन्‌तास एका जागी उभा असतो. पूर्वी तो दिसला की लोक खूश होत. आता त्यांना त्याच्या डोळ्यातली रेघही फोटोत हवी असते, आणि ती काढून देणारा वाटाड्या हवा असतो. नाबोसाच्या जुन्या कॅमेऱ्याच्या काचेत दमट हवेने बुरशीची जाळी धरली, तेव्हापासून धक्क्यावरचा मुकादम फोटोवाल्या पाहुण्यांना दुसऱ्यांच्या होडीत बसवू लागला. तिच्या वाट्याला शाळांच्या सहली आल्या. यंदा कॉफी बरी पिकली होती, म्हणून एकदा, फक्त एकदाच, ती हा खर्च करू शकत होती. निवड चुकली तर पुढे म्हातारपणापर्यंत पोरांना बदकं दाखवत बसायचं.

धक्क्यावर कॅमेऱ्याच्या कंपन्यांना कुणी नावाने ओळखत नसे. एकीच्या पट्ट्यावर लाल अक्षरं, दुसरीच्या पिवळी. म्हणून लाल आणि पिवळं. लालची लेन्स पिवळ्याला बसत नाही, पिवळ्याची लालला नाही.

"देवकंच आहेत ही, न्याबो," तिचा वल्हेकरी सालोंगो म्हणे. जुळ्यांचा बाप म्हणून त्याला सगळे सालोंगोच म्हणत, आणि तो तिला न्याबो, म्हणजे बाई. "एकदा एका कुळात गेलात की गेलात. माझं देवक मांबा मासा. जन्म गेला या पाण्यात, पण त्याची चव मला माहीत नाही."

नाबोसाने मोबाइलवर वाचायचं ते सगळं वाचलं. जो पिवळ्याची स्तुती करी, त्याच्या गळ्यात पिवळ्या अक्षरांचा पट्टा दिसे. कंपालातला दुकानदार लालची स्तुती करत होता; म्हणजे लालचा माल त्याच्या अंगावर पडला असणार. शेवटी तिने त्याच्याकडूनच दोन्ही लेन्स एका दिवसाच्या भाड्याने आणल्या. पिवळीबरोबर कॅमेराही आणला. लाल लेन्स लावायला लुबोवाचा कॅमेरा लागणार होता. तो म्हणाला, "कॅमेरा येतो तिथे मीही येतो." आणि दोन्ही कॅमेरे घेऊन पहाटे धक्क्यावर हजर झाला.

तो लघवीला आडोशाला गेला तेवढ्यात नाबोसाने सालोंगोला गाठलं. "लुबोवा तुला काही बोलला?"

"काही नाही. विचारत होता, बाई रविवारी होडी काढतात का."

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, रविवारी बाई चर्चमध्ये असतात. त्यात काय लपवायचं?"

नाबोसा मनात हिशेब मांडू लागली. लुबोवा लग्नांचे फोटो काढायचा. पण रविवारी एंटेबेला फुटबॉलचे सामने असतात, आणि मैदानाच्या कडेला उभं राहून गोल टिपायला लांब लेन्स लागते. लुबोवाकडे कॅमेरे दोन होते. लांब लेन्स एकही नव्हती. सगळं जुळलं. लेन्स तिची, घाम तिचा, आणि रविवार लुबोवाचे. शिडीसारखंच.

होडी पपायरसच्या चिंचोळ्या वाटेतून आत शिरली. एका वळणावर बुल्वे उभा होता, सरकारी कचेरीतल्या साहेबासारखा, कुणाकडेही न बघता. सालोंगोने वल्हं चिखलात रोवलं. होडीत कॅमेऱ्याखाली तिकाटणं चालत नाही. पाण्याबरोबर तेही डुलतं. जे काय ते हातावर. नाबोसाने आधी पिवळी उचलली. काच सुरेख होती, चित्र लख्ख. पण जरा वेळाने दंड थरथरायला लागला, आणि पक्ष्याचा डोळा चौकटीत नाचू लागला. मग लाल घेतली. ती हलकी होती. जणू तिच्याच हाताचं माप घेऊन केलेली.

हात म्हणत होता लाल. मन म्हणत होतं पिवळी, कारण पिवळी लुबोवाच्या कॅमेऱ्याला बसत नाही.

"मी पिवळी घ्यायचं ठरवलंय," ती मुद्दाम म्हणाली, आणि लेन्सच्या आडून त्याच्या चेहऱ्यावर लक्ष ठेवलं.

लुबोवाचं तोंड उतरलं. मग म्हणाला, "बरं. मग मी लाल विकतो आणि पिवळ्यात येतो."

"तू कशाला?"

"एकटा काय करू लालमध्ये?"

सालोंगो असा हसला की होडी हलली. "बानांगे! बाप बदलवत नाही म्हणून माणूस कुळ बदलत नाही. हा भावजयीसाठी बदलतोय!"

नाबोसाला हसू आलं नाही. म्हणजे हा तिला सुटू देणारच नव्हता. पिवळ्यात गेलं तरी पाठोपाठ हजर. इतका जीव टाकण्यासारखं या लेन्समध्ये याचं काय अडकलं होतं?

तेवढ्यात बुल्वे पुढे झुकला.

एवढा वेळ दगड असलेला पक्षी एकदम कोसळल्यासारखा पाण्यावर पडला. नाबोसाने लाल लेन्स डोळ्याला लावली. होडी एका बाजूला कलली. आणि त्याच वेळी खालून लुबोवाचा हात लेन्सकडे आला. तिने विचार केलाच नाही. लेन्स छातीशी ओढली, खांदा फिरवला, बोट मात्र बटणावर तसंच दाबलेलं राहिलं.

पक्षी वर उठला तेव्हा चोचीत मांबा वळवळत होता. मग मासाही चोचीत दिसेनासा झाला.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर थोडं आभाळ होतं, थोडं पपायरस आणि लुबोवाचा कान.

"टेकू देत होतो, वहिनी," लुबोवा हळूच म्हणाला.

"काढून घेत होतास."

"पक्ष्याच्या तोंडात मासा असताना? मला काय वेड लागलंय?"

"मासा गेला, फोटो गेला," सालोंगो म्हणाला. "कान तेवढा छान आलाय."

नाबोसाचे कान तापले. लोक या एका क्षणासाठी आठवडाभर होडीत बसतात. आज तो समोर चालून आला होता, आणि तिने लेन्स छातीशी धरली होती, कोंबडी चोरीला जाईल म्हणून धरावी तशी. आता आडून विचारण्यात अर्थ नव्हता.

"रविवारी ही लेन्स मागणार होतास ना तू?"

"हो तर," लुबोवा म्हणाला. "सामन्यांना. लग्नांनाही, लोक मंडपाजवळ फिरकू देत नाहीत तेव्हा."

"आणि हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"विचारलंत कुठे? तुम्ही माणसांना कुठे विचारता, वहिनी? तुम्ही मोबाइलला विचारता. आणि मागायची तर घरच्या माणसाची मागू नको, तर कुणाची मागू?"

तिने समोर पाहिलं. बुल्वे पुन्हा साहेब होऊन उभा राहिला होता. आता तो लवकर काही खाणार नव्हता. तिने लेन्स पुढे केली.

"धर. खालून. फिरवू नकोस."

लुबोवाने तळवा लेन्सखाली दिला. होडी डुलत होती, पण पक्ष्याचा डोळा चौकटीत ठरला. तिने फोटो काढला आणि पडद्यावर मोठा करून बघितला. डोळ्याखालचं बारीक पीसन्‌पीस मोजता आलं असतं. चोचीला शेवाळाची एक काडी चिकटली होती, तीही दिसत होती. एवढ्यावर मुकादमाचं तोंड बंद झालं असतं.

"लाल घेते," ती म्हणाली. "पण तुझा कॅमेरा मला वापरायला नको. दे. कायमचा."

"घ्या."

"लेन्स माझ्या हातून न्यायची आणि त्याच संध्याकाळी माझ्याच हातात आणून द्यायची."

"बरं."

"पावसात नाही न्यायची."

"नाही नेणार."

त्याने पिशवीतून दुसरा कॅमेरा काढून तिच्या मांडीवर ठेवलासुद्धा. लुबोवाला ती लग्न होऊन आल्यापासून ओळखत होती. तो आंब्यासाठीही घासाघीस करणारा माणूस. तीन अटी घातल्या आणि तीनही त्याने 'पण' न म्हणता मान्य केल्या. पुन्हा कुठेतरी पाणी मुरत होतं.

"वळवू का होडी?" सालोंगोने विचारलं.

"थांब जरा."

तिने कॅमेरा उलटा केला. बॅटरीचं झाकण उघडलं, मिटलं, परत उघडलं. मग एकेक बटण दाबून बघायला लागली.

लुबोवाने कागदात बांधून आणलेल्या चपात्या सोडल्या, एक सालोंगोला दिली आणि फळीवर ऐसपैस मांडी घातली.

"बघा, वहिनी, सावकाश बघा," तो म्हणाला. "काही सापडलं तर मलाही सांगा."