दोन दात गेलेली फणी

मी एक जुनी शिसवी फणी आहे. माझे दोन दात पडलेले आहेत, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर मित्रांनो, तुम्ही माझी हकीकत सोडून दातच मोजत बसाल.

नरसिंहपूरच्या जत्रेत एका आईने मला आपल्या लेकीच्या लग्नासाठी घेतले. ती लेक म्हणजे द्वारकाबाई. तिच्याबरोबर मी बारामतीला आले आणि तिच्या फणेरपेटीत राहू लागले. सोबतीला आरसा, खोबरेलाची कुपी आणि कुंकवाचा करंडा. द्वारकाबाईंचे केस कमरेखाली पोचत. शेजारणी म्हणत, "फणी चांगली आहे हो तुमची." चांगले केस होते, पण ती स्तुती मी खुशाल स्वतःकडे घेत असे.

१९३४ साली द्वारकाबाईंचे यजमान तापाने गेले. त्या काळी त्यांच्या जातीत विधवेचे केस काढून टाकण्याची रीत होती. न्हावी आला. जे केस मी नऊ वर्षे रोज विंचरले, ते परसात जमिनीवर पडले. मला फार वाईट वाटले. द्वारकाबाई तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या.

सासूबाई म्हणाल्या, "ती पेटी कऱ्हा नदीत सोडून दे. घरात नको." द्वारकाबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखे केले आणि पेटी माळ्यावर ठेवली. यजमानांनी पुण्याहून आणलेली वासाच्या साबणाची वडीही कागदासकट आतच राहिली. दोन वर्षे आम्हांला कोणाचा हात लागला नाही. कुपीतले तेल खवट होऊ लागले.

मग एका पौषात द्वारकाबाईंच्या शेतात खतासाठी धनगरांची मेंढरे बसवली होती. त्याबद्दलचे धान्य न्यायला म्हाळसा घरी आली. बरोबर तिची आठ वर्षांची सारजा होती. सारजाच्या मानेवर केसांचा एकच जाड गुंता लोंबत होता.

"हिच्या केसांना काय झालं ग?" द्वारकाबाईंनी विचारले.

"देवीनं जट दिलीया, बाई," म्हाळसा म्हणाली. "आता फणी लावायची न्हाय. येत्या पुनवंला पोरीला देवीला सोडायची हाय. मामंजींनी कबूल केलंय."

मित्रांनो, देवीला सोडलेल्या मुलीचे लग्न होत नसे. आईबापांचे घर सुटे आणि हातात परडी घेऊन दारोदार जोगवा मागत तिचा जन्म जाई.

"त्याआधी ही आजारी होती का?"

"व्हय. पावसाळ्यात दोन म्हैनं तापानं पडली व्हती. डोक्याला तेल न्हाय, फणी न्हाय. आमच्याकडं कुठलं आलंय, बाई?"

द्वारकाबाई उठल्या आणि शिडी लावून माळ्यावर चढल्या. पेटी पाहून म्हाळसा मागे सरली. "देवी कोपली तर?"

"कोपू दे माझ्यावर. माझं घ्यायचं आता काय राहिलंय?"

दोन दिवस शेतातल्या बाभळीखाली आमचे काम चालले. घरी परतल्यावर द्वारकाबाईंना शिवाशिवीची आंघोळ करावी लागे, सासूबाईंचे बोलणेही खावे लागे. पहिल्या दिवशी त्यांनी कुपीतले सगळे तेल त्या गुंत्यात जिरवले. दुसऱ्या दिवशी बोटांनी एकेक बट मोकळी करून टोकाकडून मला चालवू लागल्या. सारजा दात आवळून बसली होती. माझा एक दात तिथे गेला. थोड्या वेळाने दुसराही गेला. खरे सांगते, मला त्याचे काही वाटले नाही.

निम्मा गुंता सुटला असेल, तोच सारजाचे आजोबा तात्याबा काठी घेऊन समोर उभे राहिले. म्हाळसाने तोंडाला पदर लावला. तात्याबा खाली बसले. त्यांचा जन्म मेंढरांत गेला होता. उरलेला गुंता त्यांनी हातात घेतला आणि लोकर तपासतात तसा अंगठ्याने दाबून पाहिला.

ते म्हणाले, "भिजलेली लोकर पिंजली न्हाय, तर ती बी अशीच बसती. मला कळाया पायजे व्हतं." मग उठता उठता म्हणाले, "पुनवंचं जाणं ऱ्हाऊ द्या."

संध्याकाळच्या आत सारजाचे केस मोकळे झाले. पुण्याच्या साबणाची वडी त्या दिवशी कागदातून बाहेर आली. द्वारकाबाईंनी पेटीतली एकेक वस्तू काढून म्हाळसापुढे ठेवली. कुंकवाच्या करंड्याला मात्र त्यांनी हात लावला नाही. "तो तूच उचल," एवढेच म्हणाल्या.

सारजाने मला उचलले. "बाई, आता तुमी बसा. मी तुमची वेणीफणी करते."

म्हाळसाने तिला दटावले. पण द्वारकाबाई बसल्या आणि त्यांनी डोक्यावरचा पदर स्वतःच मागे घेतला. पोरीने मला त्या डोक्यावरून हळूहळू फिरवले, अगदी कमरेपर्यंत. माझ्या दातांत काहीच आले नाही.

"दुखलं का, बाई?"

"नाही ग," द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे मिटलेले होते.

मित्रांनो, तुमच्या घरी न लागणारे तेल, साबण, फणी असेल तर ती माळ्यावर टाकू नका. पुसून स्वच्छ करा आणि तेल खवट व्हायच्या आत ज्याला हवे त्याच्या हातात द्या. मी दोन वर्षे अंधारात पडून होते आणि त्यातले दोन महिने सारजा तापात होती. ते आठवले की मला अजून चैन पडत नाही.

पुढे सारजाचे लग्न झाले. आता ती आपल्या लेकीचे केस माझ्या उरलेल्या दातांनी रोज विंचरते.