लिदीचा गोळा आणि पोखरलेली दांडी

मित्रांनो, मी एक म्हातारा शेणकिडा आहे. नाक मुरडू नका. नारीनच्या डोंगरात, वरच्या कुरणात एवढी घोडी चरतात, त्यांची लीद जमिनीत मुरवतो कोण?

आमची जातच उद्योगी. ताज्या लिदीचा गोळा वळायचा, मागच्या पायांनी ढकलत न्यायचा, जमिनीत पुरायचा आणि त्यात अंडं घालायचं. मी अशाच गोळ्यात जन्मलो, तोच खाऊन वाढलो आणि काही आठवड्यांत उन्हात आलो. त्या उन्हाळ्यात बुरुलचा आपा नावाच्या म्हातारीच्या, नमद्याच्या म्हणजे जाड लोकरी कापडाच्या तंबूघरामागे, बिळात, माझी बायको आमचं पहिलं अंडं सांभाळत होती. मला आनंद पोटात मावत नव्हता.

एका सकाळी मी भरकटत तंबूत शिरलो. आत घोडीच्या दुधाच्या चामडी पिशवीवर छपरातून लाकडाचा भुसा पडला होता. आपांची सून नुरजमाल हिनं मला पाहिलं.

"आपा, छपराच्या दांड्या पोखरणारा सापडला. हा बघा काळतोंड्या. मागे याची बिळंच बिळं आहेत. किटली ठेवलीच आहे, ओतते उकळतं पाणी."

माझ्या पोटात गोळा आला, आणि तो लिदीचा नव्हता.

आपांनी मला तळहातावर घेतलं. "अगं, याला लाकूड चावायला दात कुठेत? जन्मभर मऊ लीद चापतो. माझ्यासारखाच बोळका."

"मग भुसा कुणाचा?"

आपांनी दूध घुसळायच्या दांड्यानं छपराची एकेक दांडी ठोकली. एकीला कान लावून त्या आपल्या मुलाकडे, नुरजमालच्या नवऱ्याकडे वळल्या. "टोक्तोसुन, ही विलोच्या झाडाची दांडी साल न काढताच बसवलीस ना?"

"वर कुरणात यायची घाई होती, आई."

"साल ठेवलीस, सोबत पाहुणाही आणलास."

त्यानं ती दांडी काढून चिरली. आत गुबगुबीत पांढरी अळी होती, लांब मिशांच्या भुंगेऱ्याची. मित्रांनो, तोही भुंगेराच, पण त्याची तऱ्हा निराळी. तो दोन-दोन वर्षं लाकडाच्या अंधारात एकटाच कुरतडत राहतो. माझा गोळा त्याच्या घशाखाली उतरायचा नाही आणि त्याचं लाकूड मला चावायचं नाही.

"ओढ्यापलीकडे टाक ती दांडी," आपा म्हणाल्या. "तिथं खाऊ दे पोटभर."

नुरजमालनं मला स्वतः बिळापाशी सोडलं. "चुकलं बाबा माझं," ती हळूच म्हणाली. तेवढ्यानं माझा राग पळाला.

म्हणून सांगतो, कुणी काळा दिसला, जवळ सापडला, एवढ्यावर त्याला चोर ठरवू नका. आधी दांडी ठोकून पाहा.

आणि त्या किटलीतल्या पाण्याचा चहा झाला. तिघं तो आमच्या बिळाशेजारी बसून प्यायली. खाली आमचं बाळ नुकतंच गोळा खायला लागलं होतं.