रॉम्बसला काय म्हणायचं

पूर्णिमाने कार्डावरचा 'डायमंड' खोडला आणि त्याखाली 'रॉम्बस' लिहिलं. साडेतीन वर्षांची स्पृहा टेबलाखाली बसून रंगीत खडूचा कागद सोलत होती. शनिवारी नर्सरीची मुलाखत होती, म्हणजे लेकीची आणि आईबापांचीही. कोथरूडातल्या त्या इंग्रजी शाळेत जागा साठ आणि फॉर्म गेलेले सहाशे.

"डायमंड म्हणू नका हं," असं समोरच्या ब्लॉकमधल्या सुहासिनीने सकाळी दारातच सांगितलं होतं. तिचा मुलगा त्याच शाळेत होता. "तिथल्या बाई रॉम्बस विचारतात. डायमंड म्हटलं की त्यांना बरोबर कळतं, घरी आईनंच शिकवलंय."

घरी आईनंच. हे दोन शब्द पूर्णिमाला दिवसभर टोचत राहिले. ती यवतमाळची, बी.एस्सी. झालेली, पण शाळा सगळी मराठीतून. नवऱ्याला, शंभूला, हिंजवडीत कॉम्प्युटरची नोकरी लागली म्हणून दोन वर्षांपूर्वी ती पुण्यात आली. पहिल्याच महिन्यात भाजीवाल्याला ती "मेथी काय भाव देऊन राहिले?" म्हणाली आणि शेजारी उभी असलेली बाई खुदकन हसली. तेव्हापासून पूर्णिमा एकेक शब्द निवडून, तांदूळ निवडावेत तसा, तोंडाबाहेर काढायची. आपलं जाऊ दे, पण आपल्या बोलण्यापायी पोरीचा नंबर हुकला तर?

"स्पृहा, हे काय?"

"डायमंड."

"नाही, रॉम्बस."

"काल डायमंड होतं."

"आता रॉम्बस."

"का?"

"त्या शाळेत तसं म्हणतात."

स्पृहाने थोडा विचार केला. "आणि यवतमाळच्या आजीकडे?"

"आजी वडी म्हणेल," पूर्णिमा म्हणाली आणि लगेच जीभ चावली. आता हे पोरीच्या डोक्यातून निघायचं नाही.

संध्याकाळी शंभूने बूट काढता काढता आणखी गोंधळ घातला. "रॉम्बस? आम्ही तर ऑफिसात डायमंडच म्हणतो. फ्लोचार्टमध्ये जिथं हो की नाही असं विचारायचं असतं ना, तिथं डायमंड काढतात."

"तुम्ही नका हो बोलू काही."

शेवटी ती कार्डं घेऊन तळमजल्यावर घरमालकांकडे गेली. दिगंबरकाका निवृत्त गणितशिक्षक. त्यांनी खोडाखोड केलेलं कार्ड चष्म्याखालून पाहिलं.

"पूर्णिमाताई, मुलीला शाळेत घालताय की सराफाच्या पेढीवर बसवताय?"

"काका, बरोबर कोणतं तेवढं सांगा."

"चारही बाजू सारख्या असल्या की रॉम्बस. डायमंड हे लोकांच्या बोलण्यातलं. हाच आकार टोकावर उभा दिसला की म्हणतात. पत्त्यांत आपण त्यालाच चौकट म्हणतो. तुम्ही शाळेत काय शिकलात?"

"समभुज चौकोन."

"मग झालं तर. तुमचं शिक्षण वाया गेलेलं नाही." त्यांनी कार्ड आडवं करून स्पृहापुढे धरलं. "आता हे काय?"

स्पृहाने मान वाकडी करून पाहिलं. "झोपलं."

"बघा. तुम्ही रोज ते टोकावर उभं करून दाखवलंत. आडवं झाल्यावर तिला ओळखू येत नाही. नावापेक्षा हे आधी शिकवा."

पूर्णिमा ओशाळली. हे आपल्या लक्षात यायला हवं होतं. पुढचे तीन दिवस ती स्वयंपाक करतानासुद्धा कार्ड उभं, आडवं, उलटं फिरवत राहिली.

शनिवारी मुख्याध्यापिका आनंदीबाईंसमोर तिघं बसले. वर्तुळ झालं, त्रिकोण झाला. मग बाईंनी तिसरं कार्ड उचललं, तेही आडवं.

"अँड व्हॉट इज धिस, डिअर?"

शंभूचा हलणारा गुडघा थांबला. पूर्णिमाने पदर मुठीत धरला. बोल ग, बोल ग माझी माय.

स्पृहाने कार्डाकडे पाहिलं, मग बाईंकडे. "तुमच्याकडे याला काय म्हणतात?"

बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे?"

"आजी वडी म्हणते. बाबांच्या ऑफिसात डायमंड, तिथं हो की नाही विचारतात. काका पत्त्यांत चौकट म्हणतात." तिने तीन बोटं दाखवली. "तुमचं सांगा, मग मी म्हणते."

बाई पूर्णिमाकडे वळल्या. "अँड यू? व्हॉट डू यू कॉल इट?"

पूर्णिमाने इंग्रजीची अकरा वाक्यं पाठ केली होती. त्यांतलं एकही जागेवर नव्हतं.

"समभुज चौकोन," ती म्हणाली. "चारही बाजू सारख्या. उभा असो की झोपलेला, त्याला फरक नाही पडत. नाव रॉम्बसच, बाई. मी तिला शिकवून राहिली होती, पण..." आणि तिला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं. कानाच्या पाळ्या तापल्या.

बाई हसल्या नाहीत. मराठीत म्हणाल्या, "झोपलेला ओळखणं आमच्या पाचवीतल्या पोरांना जमत नाही हो. आमच्याकडे रॉम्बस म्हणतात, बाळ."

"रॉम्बस," स्पृहा लगेच म्हणाली आणि पाय हलवायला लागली.

गुरुवारी फाटकाशी यादी लागली. एक्केचाळिसावं नाव स्पृहाचं. पूर्णिमाने ते तीनदा वाचलं, मग बोटाने ओळ धरून आडनावासकट चौथ्यांदा.

कडेवर पोर घेतलेली एक बाई बाजूला येऊन उभी राहिली. "तुमचं नाव लागलं वाटतं. आमचं पुढच्या वर्षी आहे. आत काय विचारतात हो?"

"रॉम्बस विचारतात," पूर्णिमा म्हणाली. "पण नाही आलं तरी चालतं. खरंच चालतं."

बाईने फक्त पहिलं वाक्य ऐकलं होतं. तिने पोर दुसऱ्या कडेवर घेतलं, पर्समधून पेन काढलं आणि तळहात पुढे केला. "स्पेलिंग सांगा ना."

पूर्णिमाने स्पेलिंग सांगितलं, आणि त्यातला एच कुठे येतो ते दोनदा.