सेकंड गिअर

"आन् ह्यो दरवाजा बगा," शरणप्पा म्हणाला. "ह्यो नंतर रंगवलाय. सांगोल्याच्या वाटंला बाभळीला घासली हुती गाडी. उन्हात बगा, रंग फिका दिसतोय की न्हाय?"

त्याचा साडू अण्णाराव वाकून पाहू लागला. दिसत होता.

शरणप्पा मनातून खूश झाला. विजयमालाबाईंची ही पांढरी गाडी इतकी वर्षं त्यानेच चालवली होती. आता बाई कायमच्या लेकीकडे पुण्याला निघाल्या होत्या आणि गाडी विकायला काढली होती. "शरणप्पा, गाडी तुझीच रे," असं त्या नेहमी म्हणत. म्हणायला काही पेट्रोल लागत नाही. विकत घ्यायची त्याची ऐपत नव्हती, ते त्याने निमूट गिळलं होतं. कुणी परक्याने नेली असती तरी चाललं असतं. पण अण्णाराव नको! धाकटा साडू, होटगी रोडला टाइल्सचं दुकान. सासुरवाडीत पंगत बसली की पहिलं वाढप त्याच्या ताटात. आता गाडीही त्याच्याच दारात उभी राहायची?

खोटं बोलायची सोय नव्हती, बाई व्हरांड्यातच बसल्या होत्या. मग त्याने खऱ्याचाच मारा सुरू केला.

"गाडी सकाळी गार असताना चालू करून बगा. जरा खोकती. एसी मे म्हैन्यात दम टाकतो. म्होरची टायरं बदलायला झाल्यात. सेकंड गिअर अडतो. जुनी गाडी घ्यायची म्हंजे डोळं उगडं ठिवून घ्यावी, साडू. मी तर म्हनतो, बार्शीकडं एखादी चांगली बगा."

घाटात ती कधी दमली नव्हती. बाईंना ऐनवेळी दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा एका चावीत सुरू झाली होती. यातलं एक अक्षर त्याने काढलं नाही.

अण्णारावही काही कमी नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळीच मेकॅनिक घेऊन आला. मेकॅनिकने गाडी खालून-वरून पाहिली, फिरवून आणली आणि म्हणाला, "ह्यांनी सांगितलं तेवडंच हाय. त्याच्याम्होरं कायबी न्हाय."

"आपला मानूस हाय म्हनून इतकं उगडं सांगितलं," अण्णाराव हसला. "दलालानं सांगितलं असतं व्हय? बाई, ठरलं आपलं."

बाईंनी कौतुकाने शरणप्पाकडे पाहिलं. करायला गेला गणपती अन् झाला मारुती. त्याला तिथल्या तिथे स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

सोमवारी चाकांखाली लिंबं फुटली आणि गाडी सिद्धेश्वराच्या दर्शनाला निघाली. पुढे अण्णाराव आणि त्याची बायको शिवानी, मागे शरणप्पा आणि दिपाली. दिपालीने धाकट्या बहिणीचं तोंड भरून कौतुक चालवलं होतं. शरणप्पा या सीटवर कधी बसला नव्हता. गुडघे कुठे ठेवावेत हेच त्याला समजेना.

सात रस्त्याला गाडी थांबली आणि निघताना सेकंड गिअर करकरला.

"अगं बाई!" शिवानी दचकली.

शरणप्पाला बरं वाटलं. काळजात गार वाटलं अगदी.

पुढच्या वळणावर पुन्हा करकर. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न मारला. अण्णारावच्या मानेवर घाम दिसू लागला. दिपालीने नवऱ्याला कोपराने डिवचलं, तर हा खिडकीबाहेर बघत बसलेला. आता कळू दे म्हणावं, नुसतं विकत घेऊन गाडी आपली होत नसते.

तिसऱ्यांदा गिअर किंचाळला तेव्हा मात्र त्याच्याच दाढेत कळ गेली.

"क्लच पुरता दाबा," तो पुढे वाकून म्हणाला. "जरा दमानं. तिला वडायचं न्हाय. हां... आता टाका."

गिअर अलगद पडला. आवाजसुद्धा झाला नाही. त्याच्या हाताला जसा पडायचा तसाच पडला.

"बगा, आता कशी शान्यावानी चालली!" शिवानी मागे वळून म्हणाली. "दाजी, आदीच सांगायचं की!"

मागच्या सीटसमोरच्या मॅटवर शरणप्पाचा डावा पाय क्लचवर असल्यासारखा अजून दाबलेलाच होता.